पाच रेकॉर्डी आणि तुझा डावा कान

मिरज
रविवार, रात्री उशिरा

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझ्या कानाचा, त्यात वाजणाऱ्या शिट्टीचा विषय काढायचा नाही, असं तू मला गेल्या आठवड्यात बजावलंस. मी ते पाळते आहे. पत्राबद्दल मात्र तू काही बोलली नव्हतीस, आणि उभी हयात पोस्टात घालवलेल्या बाईला एवढी पळवाट सापडणारच. पण घाबरू नकोस, हे पत्र कानाबद्दल नाही. आपल्याकडे पाच नव्या रेकॉर्डी आल्यात, त्यांच्याबद्दल आहे. नव्या म्हणजे आपल्याला नव्या.

ओंकारच्या मुंजीला पुण्याला गेलो होतो. मुंज शनिवारी झाली. रविवारी घरातले सगळे उठायच्या आत बाबांनी मला रिक्षात घातलं आणि मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात नेलं. ताडपत्र्यांवर नळाच्या तोट्या, पितळी कुलपं, बिनकाट्यांची घड्याळं, आणि मधोमध एक माणूस रेकॉर्डींचा ढीग मांडून बसलेला. ऊन थेट रेकॉर्डींवर. मी म्हटलं, अहो, जरा सावलीत तरी ठेवा. तर म्हणाला, "मावशी, सावली मला पुरेना." बाबा लगेच त्याच्या बाजूचे झाले. घासाघीस मी केली, निवड दोघांनी केली, आणि एक रेकॉर्ड बाबांनी माझ्या नकळत पिशवीत सरकवली. तिच्याबद्दल सगळ्यात शेवटी लिहीन, कारण राग अजून उतरलेला नाही.

तू चेन्नईला जाताना टर्नटेबल इथेच ठेवून गेलीस. त्यावर मी क्रोशाचा रुमाल घातला होता (माहीत आहे, तुला आवडत नाही). तो काढला. बाबांनी पट्टा तपासला. सुईवरची धूळ मी तुझ्या त्या छोट्या ब्रशने काढली, मागून पुढे. पुढून मागे नाही. एवढं लक्षात आहे माझ्या.

पहिली लावली ती किशोरीताई आमोणकरांची, भूप रागाची, 'सहेला रे' असलेली. तू म्हणशील, आई, हे तुझ्या फोनमध्ये आहे, कॅसेट होती, सीडी होती, अजून रेकॉर्ड कशाला? थांब, सांगते. कव्हरच्या आतल्या बाजूला निळ्या शाईत 'सप्रेम भेट, १९७६' असं लिहिलंय आणि त्याखालचं नाव कुणीतरी ब्लेडने खरवडून काढलंय. तिथे कागद इतका पातळ झालाय की दिव्यासमोर धरला तर पलीकडचा उजेड दिसतो. मी गाणं ऐकायचं सोडून कितीतरी वेळ त्या जागेवरून बोट फिरवत बसले होते. बाबा म्हणाले, रद्दीत टाकताना काढलं असेल नाव. मला तसं वाटत नाही. रद्दीत टाकताना कुणी एवढ्या निगुतीने खरवडत नाही.

तर, सुई टेकली. खरखर आली, मग तंबोरा, आणि पहिल्या क्षणी मला वाटलं की तंबोरा डोलतोय. म्हणजे सूर किंचित वर, किंचित खाली, परत वर. बाबा म्हणाले, छान आहे की. मी म्हटलं, अहो, डोलतंय. त्यांना काही कळेना. मग मी रेकॉर्ड काढून डोळ्यांच्या रेषेत धरली, तर एका कडेला वाक आहे, उन्हाचा. मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे दर पावणेदोन सेकंदांनी तो वाक सुईखालून जाणार आणि तंबोरा हलणार. भूपात लपायला जागा नसते हे तूच मला सांगितलंस. मध्यम नाही, निषाद नाही, पाच सुरांचं उघडं अंगण. अशा रागात तंबोरा डोलला की सगळं घर डोलतं. पण गंमत सांगू? दुसऱ्यांदा लावली तेव्हा ताई गंधारावर येऊन थांबल्या आणि मी त्या वाकाला विसरले. त्या गंधाराला नेमक्या येऊन बसत नाहीत, आधी त्याच्या भोवती जरा घुटमळतात, आणि फोनवर ते मला कधी जाणवलं नव्हतं. शिवाय श्वास. दोन ओळींच्या मध्ये घेतलेला श्वास इथे ऐकू येतो. आता हे रेकॉर्डचं म्हणायचं की रात्री पंखा बंद करून बसलो त्याचं, ते तू सांग. तू असतीस तर एका मिनिटात निकाल दिला असतास.

ताईंचा आवाज ऐन उमेदीत गेला होता, माहीत आहे ना तुला? काही काळ गाताच येत नव्हतं. आयुर्वेदाचे उपचार झाले आणि आवाज परत आला. या भूपात त्याची खूण कुठे सापडते का म्हणून मी कान देऊन ऐकत होते. नाही सापडत. गळ्याचं तसं असतं, गळा परत येतो. पण कानाच्या आत, त्या शंखासारख्या भागात, केसांसारख्या बारीक पेशी असतात आणि त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

हो, विचारलं मी अश्विनीला. तुझं नाव घेतलं नाही, एका मैत्रिणीची मुलगी म्हटलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "काकू, मुक्ताताईला म्हणावं लवकर दाखव." आता यात माझा काय दोष? ती कान-नाक-घशाचंच शिकते आहे, तिला कळणारच. तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. मोठ्या आवाजाने इजा झाली असेल तर तपासणीच्या आलेखात बहुतेक ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो, आणि तो आपल्याला बोलताचालताना जाणवत नाही, कारण रोजचं बोलणं बरंचसं त्याच्या खाली असतं. ८५ डेसिबल आठ तास चालतं. ८८ ला चारच तास. ९१ ला दोन. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. आणि एकाच कानात शिट्टी वाजत असेल तर ती 'झोप झाली नाही म्हणून' असं म्हणून सोडून द्यायची नसते, त्यातून ऐकू येणं एकाएकी कमी झालं तर औषध पहिल्या काही दिवसांत सुरू व्हावं लागतं, नंतर उपयोग कमी होत जातो. तू रात्र-रात्र हेडफोन लावून लोकांचे संवाद साफ करत बसतेस, प्रत्येक वाक्याचे डेसिबल तुझ्या पडद्यावर असतात. तुझ्या स्वतःच्या कानाला किती लागतात ते कधी मोजलंस? मोजायची यंत्रं तुझ्याच टेबलावर आहेत, मुक्ता. दिवसातून दोनदा हेडफोन काढून गच्चीवर जाऊन यायला कुणाची परवानगी लागते? आणि ते गाणी ऐकत झोपायचं, तेही बंद

झालं, सुरू झाले मी. पोस्टमास्तरीणबाई म्हणायचीस ना तू. चुकलं. पुढच्या रेकॉर्डकडे वळते.

'शिवकल्याण राजा'. १९७४ सालची, राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हाची. हृदयनाथांचं संगीत, लताबाई, आणि मधूनमधून बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. बाबांनी ही बसून ऐकलीच नाही, उभ्यानेच ऐकली. एका जागी सुई अडकते आणि पुरंदरे तेच ते शब्द आवेशाने पुन्हा पुन्हा सांगत राहतात, मग बाबा जाऊन हळूच पुढे ढकलतात. दोनशे रुपयांत एवढी करमणूक पुष्कळ झाली.

'कॉल ऑफ द व्हॅली' मला घ्यायची होती ती जी. एन. जोशींमुळे. तुझ्या आजीला त्यांची भावगीतं तोंडपाठ होती. वकिली शिकलेला माणूस, गायला लागला, मग एचएमव्हीत गेला आणि दुसऱ्यांची गाणी मुद्रित करत बसला. ही १९६७ची रेकॉर्ड त्यांनीच काढलेली. शिवकुमारांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांचं गिटार आणि काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस. मला खरं सांगायचं तर मेंढपाळाची ती गोष्ट जरा गोडमिट्टच वाटली. दिवसभर त्याची एकही मेंढी हरवत नाही, पाऊस नाही, बायकोशी भांडण नाही. पण सुरुवातीचा अहिर भैरव मात्र असा काही उजाडतो की मी चहा ठेवायला उठले. रात्रीचे नऊ वाजले होते.

आणि इथेच मला तुझ्या बाबांचं कळलं. ते म्हणाले, संतूर मठ्ठ वाजतंय, सुई गेली असेल. मी म्हटलं, नाही हो, चांगलं टणटणीत आहे. मग मी स्वयंपाकघरातली छोटी घंटी आणून त्यांच्या मागे उभी राहून वाजवली. देव्हाऱ्यातली, ती बारीक आवाजाची. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. वयाने वरचे सूर आधी जातात म्हणे. त्यांना संतूरच्या तारांची गुंज ऐकू येते, तारेवर कलम पडतं तो आघात ऐकू येत नाही. त्यांना मी काही सांगितलं नाही. तूही सांगू नकोस. सत्तरी आली, आता काय करायचंय त्यांना ४,००० आणि ८,००० शी? पण तू पस्तिशीचीसुद्धा नाहीस.

आण्णांचं तुला किती आठवतं मला माहीत नाही. तू चौथीत होतीस ते गेले तेव्हा. तुझ्या आठवणीत ते मोठ्याने बोलणारे, रागीट आजोबा असतील. ते रागीट नव्हते गं. इचलकरंजीत १९०४ पासून यंत्रमाग आहेत, पण मागाजवळ उभं राहणाऱ्या माणसाने कानात बोळे घालावेत हे आमच्या लहानपणी तरी कुणी कुणाला सांगितल्याचं मी ऐकलं नाही. कारखान्यात शिरलं की धोट्याच्या खडखडाटात माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायची. आण्णा घरी आले की तसंच बघायचे, आमच्या ओठांकडे. आम्हाला वाटायचं किती लक्ष देऊन ऐकतात. पन्नाशीच्या आत त्यांना कोकिळा ऐकू येईनाशी झाली, आणि पुढे आईचं बोलणं. आईचा आवाज बारीक होता, तो आधी गेला. रेडिओग्रामचा आवाज इतका वाढवायचे की शेजारचे लोक भिंतीवर थापा मारायचे, आणि त्या थापाही त्यांना ऐकू जायच्या नाहीत. शेवटी शेवटी ते रेडिओग्रामच्या लाकडी फळीवर तळहात पसरून बसायचे, डोळे मिटून. मी विचारलं, आण्णा, काय ऐकताय? म्हणाले, "तबला आहे." तबला नव्हता. बातम्या चालू होत्या.

हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. सांगायचं कारणही नव्हतं.

चौथी रेकॉर्ड खाँसाहेबांची. अब्दुल करीम खाँ. १९३४-३६ च्या सुमाराच्या त्यांच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या होत्या ना, त्या एकत्र करून नंतर काढलेली एलपी. हिची किंमत मी बाबांना खरी सांगितलेली नाही. पण मिरजेच्या घरात ही रेकॉर्ड नसावी हे बरं दिसत नाही. आपण दर वर्षी उरुसाला दर्ग्यात रात्र-रात्र बसतो, त्यांच्या कबरीपासून हाकेच्या अंतरावर, आणि त्यांचा आवाज मात्र फोनच्या त्या डबीतून ऐकायचा?

पहिल्यांदा ऐकली तेव्हा निराश झाले, खोटं कशाला सांगू. तेल तापल्यासारखी चरचर, आणि तिच्या पलीकडे कुठेतरी लांब एक बारीक, टोकदार आवाज. वाटलं, फसले. मग बाबा झोपल्यावर पुन्हा लावली, आणि तुझंच जुनं सांगणं आठवलं, की आवाजाच्या मागे धावायचं नाही, एक सूर धरायचा आणि चरचर आपोआप बाजूला होते. तसं केलं. वसंत रागाची तीन-सव्वातीन मिनिटं. ७८ च्या एका बाजूवर मावायचंच तेवढं. तेवढ्यात माणूस राग उभा करतो, फिरवून आणतो आणि घाई कुठेही नाही. सुलेभावीचा कोमकळींचा पोरगा अशा रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गायचा आणि लोक तोंडात बोटं घालायचे, त्याचे पुढे कुमार गंधर्व झाले. ते आता मला कळतं. तीन मिनिटंच असतात, पण पोराला पुन्हा पुन्हा लावता येतात.

आणि सूर किती बारीक! सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, श्रुतींची, म्हणजे सुरांमधल्या बारीक अंतरांची मोजमापं करायच्या नादाला लागले होते, १९१० साली त्यांचं त्यावर इंग्रजी पुस्तकही आलं. त्यांच्या प्रयोगांना गळा खाँसाहेबांचा होता. एकाकडे आकडे, दुसऱ्याकडे गळा, आणि दोघांचे कान! इथून सात-आठ मैलांच्या आतली ही गोष्ट. तू असल्याच कामात पडलीस तेव्हा मला नवल वाटलं नाही ते त्यामुळे.

तू पहिलीत असताना आपण सतारमेकर गल्लीत गेलो होतो, आठवतं? (त्या गल्लीला आता बरे दिवस आलेत, २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पाट्या मोठ्या झाल्यात.) दुकानातले बुजुर्ग तंबोरा लावून दाखवत होते, आणि तू माझा पदर ओढून म्हणालीस, त्यातली एक तार खाली आहे. मी तुला गप्प केलं. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी जोडाच्या तारा पुन्हा छेडल्या, मान तिरकी करून थांबले, आणि एका तारेचा मणी गव्हाच्या दाण्याएवढा खाली सरकवला. मग तुझ्याकडे न बघता मला विचारलं, "कुणाची मुलगी?" मी तेव्हा पोस्टातली साधी कारकून, पण त्या दिवशी 'माझी' म्हणताना माझा आवाज केवढा मोठा झाला होता. भोपळ्याचा जो तुकडा त्यांनी तुला दिला तो पिवळ्या ट्रंकेत आहे अजून. कीड लागली नाही.

खाँसाहेब गेले ते तुझ्याच तिकडे, माहीत आहे? ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते, गाडीत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमाळ कोईलच्या स्टेशनावर उतरले, आणि तिथेच फलाटावर. तिथून त्यांना मिरजेला आणलं. तुझ्या खोलीपासून ते स्टेशन किती लांब आहे ते मी मोबाईलवर पाहिलं. का पाहिलं कुणास ठाऊक. मिरजेचं माणूस एवढ्या लांब एकटं, भाषा येत नाही, आणि काय होतंय ते कुणाला सांगत नाही

काहीतरीच लिहिते आहे मी. हा परिच्छेद खोडणार होते, पण बॉलपेनने खोडलं की तू प्रकाशात धरून वाचतेस, मला तुझी सवय माहीत आहे. तेव्हा राहू दे.

आता पाचवी. बोनी एम. हो, तेच. 'नाइटफ्लाइट टू व्हीनस', १९७८. तुझ्या वडिलांनी खाँसाहेबांच्या रेकॉर्डखाली लपवून आणली. घरी आल्यावर मी विचारलं, ही कुणाची? तर म्हणे, ढिगातून चिकटून आली असेल. आणि मग लावली, आणि 'रासपुतीन' सुरू झाल्यावर गुडघेदुखी असलेला हा माणूस सोफा बाजूला सरकवायला लागला! बँकेच्या गॅदरिंगला १९८१ साली ते यावर नाचले होते, ही बातमी मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळते आहे. बाकी माझं मत विचारशील तर, ढोल बरा आहे, बायकांचे आवाज चांगले लावलेत, आणि बायबलातलं स्तोत्र आणि रशियातला तो दाढीवाला एकाच रेकॉर्डवर का आहेत ते कळलं नाही. पण वाईट नाही. हे बाबांना सांगू नकोस. आवाज त्यांनी एवढा ठेवला होता की वरच्या कुलकर्णींनी खाली येऊन विचारलं, घरी कार्य आहे का. मी येऊन बटण निम्म्यावर आणलं. या घरात आता मी फक्त बटणं निम्म्यावर आणायचं काम करते.

तर या पाच. तुझ्यासारखं तांत्रिक मला लिहिता येत नाही, पण एक शंका विचारते. प्रत्येक रेकॉर्डचं आतलं, शेवटचं गाणं मला बाहेरच्यापेक्षा चिरकं ऐकू येतं. बाबा म्हणतात, भास. मी वाचलं की सुई मध्याकडे जाते तसं तिच्या खालून खाच हळू सरकते, तेवढ्याच वेळात कमी लांबीत आवाज कोंबावा लागतो, म्हणून वरचे सूर फाटतात. हे बरोबर आहे का? की आपली सुई झिजली आहे? की माझाच कान? या घरात ते सांगू शकेल असं एकच माणूस आहे आणि ते इथे नाही.

तू कानाचं कुणाला सांगत नाहीस त्याचं कारण मला कळतं बरं का. फोनवर तू बोलली नाहीस, पण मला कळलं. स्टुडिओत समजलं की मुक्ताच्या कानात गडबड आहे, तर पुढचं काम दुसऱ्याला जाईल. मिक्सिंग करणाऱ्याचा कान म्हणजे ड्रायव्हरचे डोळे, मान्य. पण अगं, आलेख काढला तर तो तुझ्या हातात येतो, त्यांच्या नाही. आणि आलेखात काही नाही निघालं तर? तर मी तुला पुन्हा कधी विचारणार नाही. (विचारीन, पण कमी.) तू रागाने फोन ठेवलास त्याचं मला काही वाटलं नाही. बाबांना वाटलं. ते दिवसभर काही बोलले नाहीत आणि संध्याकाळी तुझ्या त्या मालिकेचा शेवटचा भाग लावून बसले. श्रेयनामावली येते तेव्हा ते रिमोट हातात घेऊन तयार असतात, तुझं नाव आलं की थांबवतात. टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढतात. फोटोत स्वतःचंच प्रतिबिंब येतं, तरी काढतात. मोबाईलमध्ये असे ढीगभर फोटो आहेत, सगळ्यांत तुझं नाव आणि त्यावर बाबांचं टक्कल.

सुमामावशीला मी बोलायला नको होतं, ती म्हणाली, "बीथोव्हेन नाही का बहिरा होता!" मी फोन ठेवून दिला. लोक धीर द्यायला लागले की मला जास्त भीती वाटते. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्याने अधू झाले, उपचाराला मिरजेत आणलं आणि डोळे जमेनात म्हणून बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला बसवलं, ही गोष्ट तुला मीच सांगत असे, झोपताना. तेव्हा फार आवडायची मला. एक गेलं तरी दुसरं मिळतं, अशी. आता ती मला मनात सुद्धा पुरी सांगवत नाही.

तुला चेन्नईत नको असेल तर इकडे ये. मिरजेत काय डॉक्टरांची वाण आहे? कर्नाटकातून, कोकणातून माणसं रेल्वेने येतात इथे कान दाखवायला, आणि मिरजेची मुलगी गोळ्या नेटवर बघते. इथे कुणाला सांगायचं नाही असं म्हणशील तर मी कुलकर्णींनासुद्धा सांगणार नाही. येणार असशील तर एकादशीच्या आधी ये, नंतर दादा-वहिनी यायचेत आणि मग तुला खोली मिळणार नाही. भाड्याचं मी बघते. नको म्हणू नकोस, पेन्शन बाईंचीही असते.

बाकी सगळं ठीक. सोबत मेतकूट आणि शेंगाचटणी पाठवते आहे, चटणी वेगळ्या डब्यात, मागच्यासारखं तेल सुटणार नाही. दिवाणखान्यातला पंखा दुरुस्त झाला. तुळस गेली, नवी लावली. बाबांचा गुडघा बोनी एमनंतर दुखतो आहे, पण ते मान्य करत नाहीत.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात सुई नवी मागवायचीच. कुठली बसते ते लिही, मॉडेलचा नंबर टर्नटेबलच्या खाली आहे पण तो वाचायला उलटं करावं लागेल आणि ते मी त्यांना करू देणार नाही. आणि तपासणी केलीस तर आलेखाच्या कागदाचा फोटो काढून मला पाठव, दोन्ही कानांचा, आकडे दिसतील असा. मला वाचता येणार नाही. अश्विनीला येईल, आणि तिला मी या वेळी तुझंच नाव सांगेन.